राखेचा रस्ता आणि शेजारचे शेत

दगडी कोळशावर चालणारी वीजकेंद्रे शेतीच्या पंपांना वीज पुरवितात. परंतु त्याचबरोबर राखेचे प्रचंड साठेही मागे ठेवतात. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण सामान्यतः शेकडा ३० ते ४५ असते. म्हणजे तीन टन कोळसा जाळल्यावर सुमारे एक टन किंवा त्याहून अधिक राख उरते. ही राख पाण्यात कालवून तलावात साठविली जाते. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीने कोराडी वीजकेंद्राच्या खसाळा येथील राखतलावाचा बांध फुटला व राखमिश्रित पाणी आसपासच्या शेतांत शिरले. साठविलेली राख कायमची निर्धोक नसते, हे त्यावरून ध्यानात यावे.

राखेचा उपयोग रस्त्याच्या भरावात करणे हा यावरील एक मार्ग होय. केंद्र शासनाने ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेद्वारे वीजकेंद्रापासून ३०० किलोमीटरांच्या आतील रस्तेबांधणीत राखेचा वापर ठरवून दिला.

मातीची बचत

माथ्यावर १२ मीटर रुंद, ३ मीटर उंच आणि दोनास एक उताराच्या भरावासाठी दर किलोमीटरला सुमारे ५४ हजार घनमीटर माती लागते. एक मीटर खोल खणावयाचे झाल्यास तेरा एकरांहून अधिक जमीन त्यासाठी खरवडावी लागेल. सुपीक मातीचा थर तयार होण्यास शतके लागतात. आच्छादनापुरती माती वगळता उर्वरित भराव राखेचा केल्यास ही जमीन वाचते. शिवाय राख मातीपेक्षा वजनाने हलकी असल्यामुळे मऊ जमिनीवर भार कमी पडतो.

अपाय कोठून होतो

राखेचा मुख्य भाग सिलिका, ॲल्युमिना व लोह यांचा असतो. मात्र तीत बोरॉन, आर्सेनिक, सेलेनियम व क्रोमियम हीही अल्प प्रमाणात असतात. पावसाचे पाणी राखेतून झिरपल्यास यांपैकी विद्राव्य अंश भूजलात उतरतो. बोरॉन सहज विरघळतो. पिकांना तो अत्यल्प हवा असतो. अधिक झाल्यास जुन्या पानांची टोके व कडा प्रथम पिवळ्या पडून करपतात. कापूस व ज्वारी ही पिके बोरॉन बऱ्यापैकी सहन करतात. परंतु संत्रा व द्राक्षे फार संवेदनशील आहेत. कोराडीच्या बाजूस नागपूरचा संत्रा, तर एकलहरे वीजकेंद्राच्या परिसरात नाशिकची द्राक्षे पिकतात. या भागांत अधिक दक्षता हवी.

उडणारी राख हा दुसरा अपाय होय. ती पानांवर बसल्यास पिकाला मिळणारा प्रकाश कमी होतो. तिचे सूक्ष्म कण माणसांच्या व जनावरांच्या फुप्फुसांत जातात.

पोलाद कारखान्यातील मळीचीही खडी केली जाते. तिच्यात मुक्त चुना असल्यामुळे ती पाण्याने फुगते व झिरपणारे पाणी अतिशय अल्कधर्मी होते. म्हणून वापरापूर्वी ती काही महिने उघड्यावर, ओलाव्यात मुरवावी लागते.

निर्दोष बांधणी

इंडियन रोड्स काँग्रेसने राखेच्या भरावासंबंधी २००१ साली मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिचा सारांश असा की, राख ओली करून, थराथराने रोलरने दाबावी. दोन्ही बाजूंस एक ते तीन मीटर जाडीचे चांगल्या मातीचे आच्छादन राखेबरोबरच चढवीत न्यावे. तळ भूजलाच्या पातळीपेक्षा उंच असावा. आणि उतारावर गवत लावावे. मातीचे कवच अभंग असल्यास पाणी आत शिरत नाही व राख बाहेर येत नाही. कवच फुटले की दोन्ही अपाय सुरू होतात.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची खबरदारी

१. काम सुरू होण्यापूर्वी विहिरीचे पाणी तपासून अहवाल जपून ठेवावा. तुलनेस आधार नसल्यास पुढे तक्रार सिद्ध करणे कठीण जाते.

२. पहिल्या पावसाळ्यानंतर पाणी पुन्हा तपासावे. नमुना देताना सामू, क्षार, बोरॉन व आर्सेनिक यांची तपासणी खास मागावी. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा दर लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे.

३. राख वाहणाऱ्या मोटारींवर ताडपत्री आहे काय व कामावर पाणी शिंपडले जाते काय, हे पाहावे.

४. मोऱ्या व चर मोकळे आहेत ना, याची खात्री करावी. भरावालगत पाणी तुंबू देऊ नये.

५. पावसाळ्यात उताराला घळी पडून करडी राख दिसू लागल्यास ग्रामपंचायतीमार्फत रस्त्याच्या अभियंत्यास तत्काळ लेखी कळवावे. दाद न मिळाल्यास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज करावा.

६. भरावाची राख काढून घरी वा शेतात नेऊ नये. त्यामुळे कवच दुबळे होते.

राखेचा रस्ता शेताची माती वाचवू शकतो, पण विहीर बिघडवूही शकतो. यांपैकी काय घडेल, हे त्या रस्त्यावरील मातीच्या कवचावर आणि त्याकडे गावाने दिलेल्या लक्षावर अवलंबून राहील.