कर्करोगाच्या औषधाने दाखवलेला पहारेकरी

कर्करोगाच्या पेशी मारायच्या नाहीत, त्यांना वयात आणायचे! १९८०च्या दशकात शांघायमध्ये वांग झेनयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताच्या एका जीवघेण्या कर्करोगावर हा उलटा उपाय करून पाहिला. औषध होते रेटिनॉइक आम्ल. अ जीवनसत्त्वापासून ते आपल्या शरीरातही तयार होते. १९८८ साली त्यांनी निष्कर्ष छापले: २४पैकी २३ रुग्णांचा आजार केवळ या औषधाने ओसरला होता.

हे आम्ल पेशीतली कोणती जनुके जागी करते, याचा शोध घेताना शांघायच्याच संशोधकांना एक अनोळखी जनुक सापडले. त्याला नाव मिळाले रिग-आय. त्याचे प्रथिन आरएनए हेलिकेजांच्या घराण्यातले निघाले. एटीपीची ऊर्जा खर्चून आरएनएचे पीळ उकलणे, हा या घराण्याचा पिढीजात धंदा. पण हे प्रथिन करते तरी काय?

उत्तर २००४ साली जपानमधून, ताकाशी फुजिता यांच्या गटाकडून आले. रिग-आय पेशीत शिरलेल्या विषाणूचा आरएनए ओळखते! आपल्या संदेशवाहक आरएनएच्या टोकावर रासायनिक टोपी असते. अनेक विषाणूंच्या आरएनएचे टोक बोडके, तीन फॉस्फेट उघडे टाकणारे. तेवढ्यावरून चोर पकडला जातो. एरवी स्वतःतच मिटून बसलेले रिग-आय उलगडते, मायटोकॉन्ड्रियावरच्या प्रथिनाला इशारा देते आणि पेशी इंटरफेरॉन हे इशाऱ्याचे रसायन सोडते. गंमत म्हणजे पीळ उकलण्यात त्याला फारसा रस नाही. एटीपी खर्चून ते चुकून धरलेला घरचाच आरएनए सोडून देते. मला तर ही सोडण्याची अक्कल पकडण्याहून थोर वाटते.

त्याचा भाऊबंद एमडीए-५. तोही असाच, त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींना इंटरफेरॉन आणि डॅफ्ने या विषारी झुडपातले मेझेरीन दिल्यावर हाती लागला. तो लांबलचक दुहेरी आरएनए हेरतो. (यावरून कुणाला गाजराचा रस किंवा झाडपाला सुचवू नका, ही दोन जनुके हाती देणारे प्रयोग काचपात्रातल्या पेशींवरचे आहेत.)

या दोन्ही जनुकांना सर्वांत जोराने चेतवणारे रसायन मात्र शरीराचेच आहे: इंटरफेरॉन. एका पेशीने ते सोडले की विषाणू पोहोचण्याआधीच शेजारच्या पेशी दोन्ही प्रथिने वाढवू लागतात. हा पहाराही अति झाला तर घातक. एमडीए-५च्या जनुकातल्या काही बदलांमुळे ते प्रथिन घरच्याच आरएनएवर उठते, आणि असे बदल असलेल्या मुलांना ऐकार्डी-गुतिएर्स हा मेंदूचा गंभीर आजार होऊ शकतो.