ब्रायन थंडीत टिकला असता का?

गॅरी पॉल्सन यांची ‘हॅचेट’ ही कादंबरी १९८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी तिला न्यूबेरी सन्मान मिळाला. तेव्हापासून तिथल्या माध्यमिक शाळांच्या खालच्या वर्गांत ती जवळजवळ मुक्कामालाच आहे. ब्रायन रोबसन हा तेरा वर्षांचा शहरी मुलगा. आईवडिलांचा घटस्फोट झाल्यावर तो न्यूयॉर्क राज्यातून कॅनडाच्या तेलक्षेत्रात काम करणाऱ्या वडिलांकडे छोट्या विमानाने निघतो. वाटेत वैमानिकाला हृदयविकाराचा झटका येतो आणि विमान जंगलातल्या तळ्यात कोसळते. अंगावरचे कपडे आणि निघताना आईने दिलेली, पट्ट्याला अडकवलेली हातकुऱ्हाड, एवढ्या भांडवलावर ब्रायन ५४ दिवस काढतो. या पुस्तकाबद्दल मोठ्यांनी पुष्कळ लिहिले आहे. पण ते ज्यांच्यासाठी लिहिले गेले त्या दहा ते चौदा वर्षांच्या वाचकांची मते अधिक नेमकी आहेत, आणि त्यांतल्या एका तक्रारीने लेखकाला एक सबंध नवी कादंबरी लिहायला लावली.

वर्गात या मतांची जडणघडण ठरावीक रीतीने होते. पहिले प्रकरण बहुधा शिक्षक मोठ्याने वाचतात. त्यानंतर चार-पाच जणांचे गट पडतात, रोजची पाने ठरतात, प्रत्येकाकडे एक वाचनवही असते आणि पुस्तकात चिकटवायला रंगीत चिठ्ठ्या असतात. ‘पुढे काय होईल?’, ‘तू असतास तर काय केले असतेस?’ हे प्रश्न ठरलेले. या पद्धतीमागे साहित्याच्या अभ्यासक लुईझ रोझेनब्लॅट यांचा विचार आहे. पुस्तकाचा अर्थ छापील पानावर आयता पडलेला नसतो, वाचणारा आणि मजकूर यांच्या देवघेवीतून तो घडतो, असे त्यांनी १९३८ मध्येच मांडले होते. व्यवहारात मात्र ‘तुमचे मत तीन कारणांसह लिहा’ अशी कामगिरी मिळाली की मुले गुळगुळीत वाक्ये लिहून मोकळी होतात. खरी मते चिठ्ठ्यांवर सापडतात, किंवा गटातली दोन मुले हमरीतुमरीवर येतात तेव्हा ऐकू येतात.

विमानाच्या प्रकरणांवर फारसे दुमत नसते. दुखणाऱ्या खांद्याची तक्रार करता करता वैमानिक आखडतो, आणि काही मिनिटांपूर्वी गंमत म्हणून सुकाणू हाती धरलेला मुलगा एकटा उरतो. पुस्तक हातात न धरणारी मुलेही इथे थांबत नाहीत. पॉल्सन यांनी स्वतः रुग्णवाहिकेवर स्वयंसेवक म्हणून काम केले होते आणि हृदयविकाराने माणसे जाताना पाहिली होती. त्यामुळे त्या मृत्यूचे वर्णन कोरडे आहे आणि म्हणूनच अंगावर येते. मुलांचे आक्षेप येतात ते तांत्रिक बाजूने. इंधन संपेपर्यंत तो रेडिओवर जास्त वेळ का बोलला नाही? उतरण्यासाठी तळेच का निवडले? ब्रायनच्या निर्णयांची तपासणी इथून सुरू होते आणि शेवटच्या पानापर्यंत थांबत नाही. कादंबरीतल्या माणसाचा स्वभाव कसा आहे, हा मोठ्यांचा प्रश्न. हे वाचक आधी विचारतात, की तो जे करतो ते करता येते का, आणि ते आपल्याला जमले असते का.

खाण्याच्या प्रसंगांवर वर्ग दुभंगतो. ब्रायन पहिल्यांदा खातो ती तुरट लाल फळे, आणि रात्रभर पोटात मुरडा येऊन तळमळतो. पुढे रासबेरी मिळतात आणि तिथेच अस्वलही भेटते. मग वाळूत कासवाने घातलेली सतरा अंडी सापडतात. त्यांतली काही तो कच्चीच चोखतो. ‘किळसवाणे’ हा शेरा या पानावर जितक्या वेळा पडतो तितका दुसऱ्या कुठल्याही पानावर पडत नाही. पण गंमत अशी की आवडलेला प्रसंग विचारला तर हेच पान पुढे केले जाते. किळस हा या वयाच्या वाचकाकडून मिळणारा मानाचा शेरा आहे, हे शिक्षकांच्या लवकर ध्यानात येते, पालकांच्या जरा उशिरा. या बाबतीत लेखकाने मुलांशी लपवाछपवी केलेली नाही. ‘हॅचेट’मागच्या खऱ्या अनुभवांबद्दल त्यांनी २००१ मध्ये ‘गट्स’ हे पुस्तक लिहिले. त्यात ते सांगतात की कासवाचे अंडे आपणही खाऊन पाहिले, पण पोटात ठरले नाही. ब्रायनला ते ठरते, कारण तो खरोखर उपाशी आहे. हा खुलासा वाचून मुलांचा लेखकावरचा विश्वास वाढतो. ब्रायनला जमले ते लिहिणाऱ्याला जमले नाही, याचा त्यांना आनंदही होतो.

सर्वांत लांब वाद आगीवरून झडतो. रात्री निवाऱ्यात साळिंदर शिरते, ब्रायनच्या पायात काटे घुसतात, अंधारात तो कुऱ्हाड फेकतो आणि ती खडकावर आदळून ठिणग्या उडतात. त्या वेळी त्याला त्यातले काहीच कळत नाही. मग स्वप्नात वडील येतात, एक मित्र येतो, मित्र शेकोटीकडे बोट दाखवतो, तेव्हा कुठे ठिणग्या आणि आग यांची सांगड बसते. पण ठिणगी म्हणजे आग नव्हे. वाळके गवत पेटत नाही, खिशातली वीस डॉलरची नोट फाडून तिचे तुकडे लावले तरी पेटत नाही. शेवटी बर्चच्या सालीचे केसासारखे बारीक धागे काढून त्यांचे घरटे केल्यावर, आणि फुंकर घालावी लागते हे उमगल्यावर, ज्योत उभी राहते. काही मुलांना हे प्रकरण संपता संपत नाही असे वाटते. एका ज्वाळेसाठी किती पाने! उलट बाजूची मुले म्हणतात की एवढा वेळ लागला म्हणूनच ते खरे वाटते. चित्रपटात दोन दगड घासले की आग लागते, इथे तसे होत नाही.

शास्त्राच्या कसोटीवर पॉल्सन यांचा प्रसंग टिकतो. चकमकीचे तत्त्व तेच आहे. गारगोटीसारख्या कठीण दगडावर पोलाद आपटले की लोखंडाचा अतिसूक्ष्म कण खरवडून निघतो आणि हवेत जळू लागतो, तीच ठिणगी. ती झेलणारे द्रव्य कोरडे, विरळ आणि फार बारीक हवे. चकमक वापरणारी माणसे त्यासाठी अर्धवट जाळलेला कापूस किंवा वाळलेली बुरशी बाळगत. नुसत्या सालीवर आग धरणे अवघड, पण ती पुरेशी पिंजली तर अशक्य नाही. विज्ञानाचे शिक्षक सोबत असले तर हा वाद प्रयोगशाळेत जातो आणि ‘असे होऊच शकत नाही’ म्हणणाऱ्यांचा आवाज खाली येतो. शिकारी आणि मासेमारीच्या घरांत वाढलेल्या मुलांचा सूर पहिल्यापासून वेगळा असतो. डासांच्या आणि काळ्या माश्यांच्या झुंडी बरोबर उतरल्या आहेत, अशी पावती ती देतात. पाण्यात मासा दिसतो त्याच्या जरा खाली नेम धरावा लागतो, हे कळायला ब्रायनला इतके दिवस का लागावेत, असेही विचारतात. शहरातल्या मुलांना मात्र तोच उशीर दिलासा देतो.

भाषेविषयीची मते मोठ्यांना अनपेक्षित वाटतात. पॉल्सन एकच शब्द स्वतंत्र वाक्य म्हणून टाकतात, तो पुन्हा आणतात, मग तोच शब्द एका लांब, श्वास न घेणाऱ्या वाक्यात गुंफतात. समीक्षकांना यात घाबरलेल्या मनाची लय ऐकू येते. कित्येक मुलांना मात्र ही सरळसरळ पुनरुक्ती वाटते. त्यांच्या निबंधात एकच गोष्ट दोनदा आली तर शिक्षक लाल रेघ ओढतात आणि पुरस्कार मिळालेल्या लेखकाला मात्र मोकळीक, हा अन्याय त्यांना खुपतो. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. काही ठिकाणी पॉल्सन यांची पुनरुक्ती खरोखरच सवयीची होते, विशेषतः भूक आणि घटस्फोट हे शब्द परत परत येतात तिथे. पण त्याच ओळी कोणी मोठ्याने वाचून दाखवल्या की नाराजांपैकी बरेच जण मत बदलतात. हे गद्य कानासाठी रचलेले आहे.

ब्रायनच्या मनात एक गुपित आहे. घटस्फोटापूर्वी त्याने आईला एका परक्या माणसाबरोबर गाडीत पाहिले होते, आणि हे वडिलांना ठाऊक नाही. यावर जितकी मते पडतात त्यांच्यामागे तितकी घरे असतात. एक गट म्हणतो की जंगलाच्या गोष्टीत हे हवेच कशाला, साळिंदर आणि अंगावर धावून येणारे मूस जातीचे मोठे हरिण पुरेसे होते. ज्यांच्या घरात असे काही घडून गेले आहे ती मुले बहुधा मोठ्याने काही बोलत नाहीत. त्यांच्या वहीत एखादीच ओळ असते, पण ती ब्रायनच्या बाजूची असते. शेवटी तो हे गुपित वडिलांना सांगत नाही. यावर मात्र सगळेच बोलतात. एवढे वाट पाहायला लावून लेखकाने दार बंद केले, अशी बहुतेकांची तक्रार असते. थोडे जण म्हणतात की ५४ दिवसांनंतर ती गोष्ट त्याच्या लेखी लहान झाली असेल. पुस्तकात या दोन्ही अर्थांना जागा आहे.

एक प्रसंग अनेकांच्या नजरेतून निसटतो. शोधासाठी आलेले विमान वळून निघून जाते आणि ब्रायन हताश होऊन कुऱ्हाडीने स्वतःलाच जखमी करतो. लेखकाने हे घडत असताना दाखवलेले नाही. कितीतरी दिवसांनी, बदललेल्या ब्रायनच्या आठवणीतून ते थोडक्यात येते. भरभर वाचणारे पुढे सरकतात. गटातल्या एकाने बोट ठेवले की बाकीचे मागे जाऊन ते पान शोधतात. समजूतदार शिक्षक इथे मतांचा तास थांबवून नुसते बोलू देतात. याउलट, पुढे एका वादळानंतर विमानाचे शेपूट तळ्यातून वर येते. ब्रायन आत शिरतो, कुऱ्हाड पाण्यात पडते, ती काढायला बुडी मारतो आणि माशांनी खाल्लेल्या वैमानिकाचे डोके समोर येते. हा प्रसंग कोणीच विसरत नाही. त्याबद्दल मते नसतात, फक्त चित्कार असतात.

त्या विमानातून ब्रायनने बाहेर काढलेल्या आपत्कालीन पिशवीवर मात्र बारा वर्षांच्या समीक्षकाची बुद्धी चमकते. पिशवीत बंदूक, लायटर, झोपण्याची पिशवी, सुके अन्न असे सारे निघते. बहुतेकांना हायसे वाटते. काही जण मात्र चिडतात, कारण इतक्या कष्टाने शिकलेली आग आता बोटाच्या एका झटक्यात लागणार. बंदूक हातात घेतल्यावर जंगलापासून आपण दुरावलो अशी अस्वस्थता ब्रायनलाही जाणवते, आणि या मुलांनी लेखकाचा रोख अचूक पकडलेला असतो.

तुलना तर होतेच, कारण याच वयात त्यांच्या वाचनात बहुधा आणखी दोन पुस्तके आलेली असतात. जीन क्रेगहेड जॉर्ज यांच्या ‘माय साइड ऑफ द माउंटन’मधला (१९५९) सॅम न्यूयॉर्कचे घर सोडून आपल्या मर्जीने डोंगरात राहायला जातो, त्यामुळे तो ब्रायनइतका भेदरलेला नाही. स्कॉट ओडेल यांच्या ‘आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स’ला (१९६०) आधार आहे तो कॅलिफोर्नियाजवळच्या सान निकोलस बेटावर १८३५ ते १८५३ अशी अठरा वर्षे एकट्या राहिलेल्या स्त्रीचा. हे कळले की एखादी मुलगी ५४ दिवसांचे कौतुक ऐकून घ्यायला तयार नसते. मराठी मुलांच्या काही पिढ्या भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नवर वाढल्या. व्हर्नची माणसे संकटात पडली तरी त्यांच्याजवळ विद्या असते. ‘द मिस्टीरियस आयलंड’मधला अभियंता घड्याळांच्या दोन काचांत पाणी भरून भिंग करतो आणि आग पेटवतो. ब्रायनला यातले काही येत नाही. तरुण वाचक त्याच्याजवळ सरकतात ते याच अज्ञानामुळे.

शेवट हा सर्वांत वादग्रस्त भाग. पिशवीतला आपत्कालीन प्रक्षेपक ब्रायन कळ दाबून बाजूला टाकतो. तो बिघडला असावा असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्याचा संदेश कातड्यांच्या एका व्यापाऱ्याच्या विमानाला मिळतो आणि ते तळ्यावर उतरते. सुटका एक-दोन पानांत आटोपते. घाईत गुंडाळले, हे मत जवळजवळ एकमुखी असते. त्यातही अधिक धारदार तक्रार अशी, की उन्हाळ्यात जगणे ही काय परीक्षा? तळे गोठल्यावर, फळे संपल्यावर, पक्षी निघून गेल्यावर तो टिकला असता का? ही शंका लेखकानेच पेरली होती, कारण हिवाळा लागला असता तर त्याचे फार हाल झाले असते असे उपसंहारात नोंदवलेले आहे. मुलांनी तेवढे वाक्य पकडले आणि पत्रे लिहून लेखकाला धारेवर धरले.

पॉल्सन यांनी १९९१ मध्ये ‘द रिव्हर’ लिहिली. तीत सरकारी माणसे ब्रायनला पुन्हा तसेच राहून दाखवायला सांगतात. मुद्दाम संकटात जाण्याचा हा बेत अनेक वाचकांना पटला नाही, आणि थंडीचा प्रश्न तसाच राहिला. त्याचे उत्तर १९९६ च्या ‘ब्रायन्स विंटर’मध्ये आले. प्रक्षेपकाचा संदेश कोणाला मिळालाच नाही असे इथे गृहीत धरले आहे. वाचकांच्या पत्रांमुळे हे पुस्तक लिहिले, असे पॉल्सन यांनी प्रास्ताविकात सांगून टाकले. यात ब्रायन सशाच्या कातड्यांचे कपडे शिवतो, बर्फावर चालायची पादत्राणे करतो, मोठे धनुष्य बनवून मूस मारतो आणि अखेर स्मॉलहॉर्न नावाच्या, क्री या मूळनिवासी जमातीतल्या कुटुंबाच्या वस्तीपाशी पोहोचतो. आधीच्या शेवटाला समांतर असा हा दुसरा शेवट. पण २००३ च्या ‘ब्रायन्स हंट’मध्ये ब्रायन त्याच स्मॉलहॉर्न कुटुंबाला भेटायला निघतो. वाचकांनी मागून घेतलेला हिवाळाच पुढच्या कथेत खरा धरला गेला आहे.