बाईची जात – भाग ६ : खून सिद्ध, जात असिद्ध

भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका, खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी भोतमांगे कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे गावच्या जमावाने ठार मारले आणि प्रेतं कालव्यात टाकली. वडील भैयालाल तेवढे वाचले. शेतातून रस्ता काढण्यावरून या घराचा गावाशी जुना वाद होता. महिन्याच्या सुरुवातीला त्यांच्या निकटच्या एका माणसाला मारहाण झाली, तेव्हा आई आणि मुलीने पोलिसांपुढे मारणाऱ्यांची ओळख पटवली. ते लोक २९ तारखेला जामिनावर सुटले. पुढचं त्याच संध्याकाळी घडलं.

सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं. सहांना फाशी, दोघांना जन्मठेप. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांचा तुरुंगवास दिला. चर्चा बहुतेक फाशीचीच झाली. मला मात्र या निकालांत नसलेली गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. दोन्ही न्यायालयांनी ॲट्रॉसिटी कायदा लावला नाही. विनयभंगाचं कलमही टिकलं नाही, बलात्काराचा तर आरोपच ठेवलेला नव्हता. पहिलं शवविच्छेदन इतकं ढिसाळ झालं होतं की प्रेतं उकरून पुन्हा तपासावी लागली. तोवर हाती काय लागणार? कोर्टाच्या लेखी हा सूडातून झालेला खून होता. मारल्या गेलेल्या मायलेकी दलित बौद्ध होत्या आणि बाया होत्या, या दोन गोष्टींची नोंद निकालात जवळपास ओळखीपुरती उरली.

असं का होतं, हे समजायला कायद्याचं एक कलम नीट वाचावं लागतं. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात कलम ३(२)(५) आहे. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीवर तिच्या जातीच्या कारणावरून केला, तर जन्मठेप. खून, बलात्कार यांसारखे गुन्हे त्यात येतात. अडचण त्या ‘कारणावरून’मध्ये होती. न्यायालयांनी त्याचा अर्थ हेतू असा घेतला आणि हेतूचा स्वतंत्र पुरावा मागितला. २००६ मध्ये राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, पीडित बाई अनुसूचित जातीची आहे एवढ्यावरून हे कलम लागत नाही.

आता गावात जात कशी वागते ते बघा. बलात्कार करणारा माणूस आधी कारण जाहीर करत नाही. त्याला तशी गरजच नसते. कोणत्या घरातली बाई एकटी गाठली तर चावडीवर बोभाटा होणार नाही, कोणाच्या घरचे लोक उद्या आपल्याच शेतात मजुरीला येणार आहेत, कोणाची फिर्याद ठाणे अंमलदार दुपारपर्यंत बसवून ठेवेल, हे त्याला पाठ असतं. जात त्याच्या डोक्यात रागाच्या रूपाने असेलच असं नाही. बहुतेक वेळा ती खात्रीच्या रूपाने असते. खैरलांजीतही मायलेकींनी पोलिसांपुढे नावं घेतली, ही हिंमत गावाला सहन झाली नाही. हीच साक्ष गावातल्या मातब्बर घरातल्या बाईने दिली असती, तर जमाव तिच्या दारात शिरला असता का? सूड आणि जात अशी फोड करणाऱ्यांनी हा प्रश्न स्वतःला एकदा विचारायला हवा होता.

हेतूचा पुरावा मागण्याचा एक विचित्र परिणाम पोलीस ठाण्यात दिसतो. ‘ॲट्रॉसिटी लावायची तर जातिवाचक शिवी पाहिजे’ असा पक्का समज आहे, फिर्यादीचाही आणि पोलिसांचाही. मग बलात्काराच्या फिर्यादीतही शिवीचं वाक्य येतं, बऱ्याचदा ठरावीक साच्यातलं. उलटतपासणीत बचावाचा वकील नेमकं तेच वाक्य धरतो: हे मागाहून घातलेलं आहे, मग बाकीचंही बनावट कशावरून नाही? अंगावर झालेल्या अत्याचारापेक्षा शिवीवर जास्त वेळ जातो.

आणि हीच जात आरोपीच्या बाजूने मात्र बिनपुराव्याची चालते. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरी देवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, होत्या. एका तान्ह्या मुलीचा बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून सप्टेंबर १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्या कुंभार समाजाच्या, अनुसूचित जातीच्या नव्हेत, म्हणजे ॲट्रॉसिटी कायद्याचा प्रश्नच नव्हता. नोव्हेंबर १९९५ मध्ये जयपूरच्या न्यायालयाने आरोपींना बलात्कारातून सोडलं. निकालातला तर्क असा की वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईला स्पर्श करून स्वतःला बाटवून घेणार नाहीत. ज्या देशात विटाळ मानणाऱ्यांनी कुठल्या घरातल्या बायका वर्ज्य मानल्या नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, तिथे हे लिहिलं गेलं. याच प्रकरणाच्या संतापातून विशाखा आणि इतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, १९९७ ची मार्गदर्शक तत्त्वं आली, पुढे २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. आज शहरातल्या कंपन्यांमध्ये जी अंतर्गत समिती असते, तिची मुळं भटेरीच्या शेतात आहेत. भंवरी देवींचं अपील मात्र वर्षानुवर्षं रेंगाळलं.

कायदा बदलला, हेही सांगायला हवं. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. ‘जातीच्या कारणावरून’ गेलं आणि ‘जात माहीत असताना’ आलं. शिवाय आरोपीची पीडितेशी किंवा तिच्या घराशी ओळख असेल, तर त्याला जात माहीत होती असं न्यायालयाने गृहीत धरायचं. माहीत नव्हती हे त्याने सिद्ध करायचं. गावात कोणाला कोणाची जात माहीत नसते? संमतीशिवाय लैंगिक हेतूने स्पर्श करणं, देवदासी म्हणून सोडणं हेही वेगळे गुन्हे झाले.

एप्रिल २०२१ मध्ये पाटण जमाल वली खटल्यात न्या. चंद्रचूड आणि न्या. शहा यांच्या पीठाने जात आणि बाईपणाचा हा गुंता पहिल्यांदाच इतका सविस्तर उलगडला. आंध्रातली एक अंध, अनुसूचित जातीची तरुणी. आरोपी तिच्या भावांच्या ओळखीचा. न्यायालयाने म्हटलं, बाई असणं, दलित असणं आणि अपंग असणं एकमेकांत मिसळून काम करतं. जात हे एकमेव कारण असायला हवं असं नाही, कारणांपैकी एक असली तरी पुरे. आणि तरीही ॲट्रॉसिटीखालची शिक्षा रद्द झाली. गुन्हा २०११ चा, जुनं कलम, आणि जातीचा वेगळा पुरावा सरकार पक्षाने आणलेलाच नव्हता. बलात्कारासाठीची जन्मठेप कायम राहिली.

म्हणजे अडलं ते तपासात. या कायद्याखालचा तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा, ६० दिवसांत दोषारोपपत्र द्यायचं, फिर्याद वाचून दाखवून तिची प्रत द्यायची आणि हे मुद्दाम टाळणारा सरकारी नोकर स्वतः गुन्हेगार ठरतो, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी जातीचा दाखला मागून गाडी अडते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात अनुसूचित जातींवरील ५७,५८२ गुन्हे आहेत, त्यांत बलात्काराचे चार हजारांहून अधिक. हे आकडे या सगळ्या चाळणीतून खाली उतरलेल्यांचे आहेत. फिर्याद नोंदवायला गेलेल्यांवर त्याच संध्याकाळी उलटी केस कशी पडते आणि तडजोडीची बैठक कुणाच्या ओट्यावर भरते, ते पुढच्या आठवड्यात.