आईला होता, म्हणून मला होणार?

कोलंबियात मेदेयीन शहराच्या आसपासच्या डोंगराळ भागात सुमारे सहा हजार माणसांचं एक विस्तारलेलं कूळ राहतं. या कुळातल्या अनेकांना ऐन चाळिशीत विसरायला होऊ लागतं आणि पन्नाशीच्या सुमारास रोजचे व्यवहारही सुटतात. हा अल्झायमर आहे आणि त्याचं कारण आहे ‘प्रेसेनिलिन-१’ या जनुकातला एक बिघाड. तो आई किंवा वडील, कुणा एकाकडून आला तरी पुरतो आणि प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. फ्रान्सिस्को लोपेरा या मेंदूविकारतज्ज्ञाने १९८०च्या दशकापासून २०२४मध्ये जगाचा निरोप घेईपर्यंत या कुटुंबांचा पाठपुरावा केला.

याच कुळातल्या एका बाईने शास्त्रज्ञांना कोड्यात पाडलं. बिघडलेलं जनुक तिच्यात होतं, तरी सत्तरीपर्यंत तिची स्मरणशक्ती शाबूत राहिली. तिच्या मेंदूच्या तपासणीत अल्झायमरशी निगडित अमायलॉइड प्रथिनाची पुटं दिसली, तीही आजारी नातेवाइकांपेक्षा जास्त. पण पेशींच्या आत होणारे टाऊ प्रथिनाचे गुंते फारच कमी होते. उत्तर सापडलं ते ‘एपीओई’ या दुसऱ्याच जनुकात. त्याचा ‘क्राइस्टचर्च’ नावाचा दुर्मीळ प्रकार तिला आई आणि वडील दोघांकडून मिळाला होता. हे संशोधन २०१९मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे २०२४मध्ये, त्या प्रकाराची एकच प्रत असलेल्या २७ नातेवाइकांची माहिती पुढे आली. त्यांच्यात आजार सरासरी पाच वर्षं उशिरा सुरू झाला होता. इतक्या कठोर जनुकाचा परिणामसुद्धा लांबणीवर पडू शकतो, ही मला या सगळ्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

आपल्याकडे आई-वडिलांचं दुखणं काढलेली मुलं डॉक्टरांना हमखास विचारतात, ‘हे आमच्यातही येणार का?’ कोलंबियातल्यासारखा, एकाच जनुकामुळे होणारा अल्झायमर एकूण रुग्णांत एक टक्क्याहूनही कमी असतो. बाकीच्यांच्या बाबतीत चर्चा होते ती ‘एपीओई’च्या चौथ्या प्रकाराची. हे जनुक मेंदूत कोलेस्टेरॉलची ने-आण करणारं प्रथिन बनवतं. चौथ्या प्रकाराची एक प्रत असली तर धोका साधारण तिप्पट होतो आणि दोन असल्या तर त्याहून बराच वाढतो. पण तो प्रकार असूनही अनेकांना आजार होत नाही आणि नसूनही अनेकांना होतो. त्यामुळे केवळ भीतीपोटी जनुकचाचणी करून घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

मग आपल्या हातात काय उरतं? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४मध्ये अल्झायमरसह सगळ्याच स्मृतिभ्रंशाची १४ कारणं मांडली. ती आयुष्यभरात दूर करता आली, तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज आहे. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, दारू, बैठं आयुष्य ही नावं आपल्या ओळखीची आहेत. हवेचं प्रदूषण, एकटेपणा आणि लहानपणी सुटलेली शाळा यांचाही त्यात समावेश आहे. शाळेचा मुद्दा आपल्याला फार जवळचा आहे. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे आणि त्याचं प्रमाण स्त्रियांत आणि खेड्यांत जास्त आहे. ज्या मुलींना चौथीनंतर भावंडं सांभाळायला घरी बसवलं, त्यांची पिढी आज सत्तरीत आहे.

फिनलंडमध्ये धोका असलेल्या १२६० ज्येष्ठांवर दोन वर्षं प्रयोग झाला. त्यांतल्या निम्म्यांना आहार, व्यायाम, बुद्धीला चालना आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असा एकत्रित कार्यक्रम दिला. बौद्धिक चाचण्यांत या गटाची प्रगती दुसऱ्या गटाहून सरस ठरली आणि चौथ्या प्रकारचं ‘एपीओई’ असलेल्यांनाही फायदा झाला. आजार टळला, असं त्यावरून म्हणता येत नाही. पण जनुक वाईट आहे म्हणून हात टेकायचं कारण नाही, एवढं नक्की.

त्या १४ कारणांतलं सर्वांत वजनदार, वाईट कोलेस्टेरॉलच्या बरोबरीचं, कारण आपण घरात सर्वांत हलक्यात घेतो: कमी ऐकू येणं. ‘आजोबांना सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं’ असं म्हणून आपण हसतो. आजोबा हळूहळू टीव्हीसमोर गप्प बसू लागतात, लग्नकार्याला जायचं टाळतात. कान मंदावला की शब्द लावण्यातच मेंदूची ताकद खर्च होते, माणसं तुटतात, आणि दोन्हींमुळे नुकसान होत असावं. अमेरिकेत ९७७ ज्येष्ठांवर तीन वर्षं चाललेल्या चाचणीत श्रवणयंत्रामुळे सरसकट सगळ्यांना फायदा दिसला नाही. मात्र ज्यांचा धोका आधीच जास्त होता, त्यांच्यात बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली.

श्रवणयंत्र घेतल्यावर पहिले काही आठवडे भांड्यांचा, पंख्याचा, स्वतःच्या आवाजाचाही त्रास होतो आणि यंत्र कपाटात जाऊन पडतं. अशा वेळी ऑडिओलॉजिस्टकडे पुन्हा जाऊन ते जुळवून घ्यायचं असतं. त्या खेपेला घरातल्या कुणीतरी सोबत जायला हवं, कारण ऑडिओलॉजिस्ट काय म्हणाले, ते आजोबांना नीट ऐकू आलेलं नसतं.