काळी कुठली, पांढरी कुठली

आपल्या भाषेनं गावाच्या जमिनीला दोन रंगांची नावं दिली आहेत. पिकते ती काळी आणि राहायची ती पांढरी. परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही जुन्या गावात गेलात तर मूळ वस्ती थोड्या उंचवट्यावर दिसेल. कुठे ढासळलेल्या गढीचा बुरूज, जुन्या घरांवर माळवद, माळवदावर पांढऱ्या मातीचा थर. उतार संपला की काळं रान सुरू होतं. गोदावरी, दुधना आणि पूर्णा या नद्यांच्या काठच्या गावांत ही रेघ अजून पायाखाली जाणवते. जमिनीचा वापर कसा करायचा, याचा निर्णय गावानं नकाशा किंवा कायदा यायच्या आधीच केला होता.

आज ती रेघ पुसत चालली आहे. डांबरी रस्ता ज्या काळ्या रानातून जातो तिथे प्लॉटचे पांढरे दगड उभे राहतात आणि पलीकडची बरड जमीन तशीच पडून राहते. याला फक्त पैशाचा मोह कारणीभूत आहे असं मला वाटत नाही. जमिनीबद्दल गावात चार-दोन समज इतके पक्के बसलेत की त्यांच्या आधारावर लाखोंचे व्यवहार होतात, भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात. त्यातले काही इथे उलगडतो.

"आपलंच रान आहे, घर कुठंही बांधता येतं"

आधी मातीचं बोलू, कायद्याचं नंतर. आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. वैशाखात रानात पडलेल्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो, हे परभणीच्या माणसाला सांगायला नको. हीच हालचाल घराच्या पायाखालीही दरवर्षी होते. रस्त्याकडेच्या नव्या घरांच्या खिडक्या नीट पाहा. खालच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग निघते, गिलावा केला की बुजते आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा त्याच जागी उघडते. गवंडी सिमेंटला दोष देतो, मालक गवंडीला. भेग खरी आलेली असते ती खालच्या मातीतून. काळ्या रानात घर उभं राहतं, पण त्यासाठी माती खोलवर काढून मुरूम भरावा लागतो किंवा खास पद्धतीचा पाया घ्यावा लागतो. हा खर्च प्लॉट विकणारा सांगत नाही.

दुसरी बाजू याहून मोठी आहे. मीटरभर खोल काळी जमीन पावसाळ्याचं पाणी पोटात धरून ठेवते, त्यावरच इथली रब्बी ज्वारी एकही पाणी न देता येते. परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी मोती' ज्वारी अशाच जमिनीत कणसाला येते. मुरमाड बरडावर ती जमणार नाही, पण घर, गोदाम, खळं, शाळा यांना मात्र बरडच चांगली. मृदाशास्त्रात जमिनीचे क्षमतेनुसार आठ वर्ग करतात, पहिले चार पिकांचे, उरलेले गवताचे आणि झाडांचे. नागपूरला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरो हेच काम १९७६ पासून करतो. जिंतूरच्या डोंगराकडची हलकी जमीन आणि मानवत-पाथरीकडची भारी जमीन एकाच तराजूत तोलता येत नाही. एका गावाच्या शिवारातही असे तीन-चार प्रकार निघतात.

जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. सखल काळ्या रानात पाण्याचा निचरा झाला नाही की जमीन चिबडते आणि हळूहळू क्षार वर येतात. तिथला जुना नाला बुजवून प्लॉट पाडले तर वरच्या चार शेतकऱ्यांची रानं पाण्याखाली जातात. नाला कुणाच्या गटात आहे यापेक्षा तो कुणाचं पाणी वाहून नेतो, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

आता कायदा. शेतीला लागणारा गोठा, धान्याची खोली, आखाड्यावरचं राहतं घर हे शेतीच्याच वापरात मोडतं. ढाबा, मंगल कार्यालय, दुकानांची रांग हा अकृषिक वापर झाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला रूपांतरण कर भरून राहण्यासाठी सवलत मिळते. अकृषिक परवान्याची वाट गेल्या काही वर्षांत बरीच सोपी झाली आहे. पण त्यामुळे बांधकामाची मंजुरी टळत नाही आणि जमीन भोगवटादार वर्ग-२ ची असेल तर ती आपोआप मोकळी होत नाही. मराठवाड्यात हा मुद्दा फार जपून पाहावा लागतो. आपण निजामाच्या राज्यात होतो, त्यामुळे इथे १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा आणि १९५४ चा हैदराबाद इनाम निर्मूलन कायदा लागू होतात. सातबाऱ्यावर कूळ, मदतमाश, खिदमतमाश, सीलिंग किंवा पुनर्वसनाचा शेरा असेल तर परवानगीशिवाय केलेला व्यवहार पुढे सगळ्यांनाच रडवतो. 'इतर हक्क'चा रकाना वाचल्याशिवाय विसार देऊ नका.

"नमुना आठ आहे की माझ्या नावावर"

तो ग्रामपंचायतीचा कर आकारणीचा उतारा आहे. घरपट्टी कुणाकडून घ्यायची एवढंच तो सांगतो, मालकी नाही. तलाठ्याकडचा आठ-अ हा वेगळा कागद, तो खातेदाराच्या एकूण शेतजमिनीचा. दोन्हींत आठ आहे म्हणून घोटाळा होतो. गावठाणातल्या घराची मालकी दाखवतो तो मिळकत पत्रिका नावाचा कागद. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणांची मोजणी होऊन या पत्रिका तयार होत आहेत. आपल्या गावची झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन नाव आणि क्षेत्रफळ आजच तपासा. चूक लवकर दिसली तर लवकर दुरुस्त होते.

याच्या शेजारचा समज तुकड्यांचा. "तुकडेबंदी उठली, आता गुंठ्या-गुंठ्यानं विका" असं बाजारात बोललं जातं. पण १९४७ चा तुकडेबंदी कायदा शेतजमिनीला आजही लागू आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र बदललं आणि बागायतीला १० गुंठे, जिरायतीला २० गुंठे असं ठरलं. विहीर, शेतरस्ता, घरकुल अशा कामांसाठी याहून लहान तुकडा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनं घेता येतो. वारसानं चार भावांची नावं सातबाऱ्यावर लागतात, पण प्रमाणभूत क्षेत्राखाली वाटण्या करता येत नाहीत, म्हणून सातबारा सामाईक राहतो आणि धुरे तोंडी ठरतात. पुढच्या पिढीत तोंडी धुरे कुणाला आठवत नाहीत.

"सातबाऱ्यावर रस्ता नाही, मग रस्ता नाहीच"

परभणीत जेवढी भांडणं पाण्यावरून होत नसतील तेवढी रस्त्यावरून होतात. पेरणीच्या तोंडावर एकानं धुऱ्याला काटे लावले की मागच्या सहा जणांचे ट्रॅक्टर अडतात.

एका गावच्या ग्रामपंचायतीत मी एकदा गाव नकाशा टेबलावर पसरलेला पाहिला होता. चुरगळलेला, घड्यांवर फाटलेला, चहाचा डाग पडलेला कागद. दहा-बारा माणसं वाकून आपापला गट नंबर शोधत होती. एका म्हाताऱ्या तात्यांनी चष्मा वर सरकवला, बोट नकाशावरून ओढ्याकडे नेलं आणि म्हणाले, "ही बघा दोन तुटक रेघांची. आमच्या आज्याच्या बैलगाड्या इथूनच जायच्या." बाजूचा तरुण म्हणाला, "तात्या, तिथं तर माझी तूर उभी आहे." कुणीच हसलं नाही. मग त्या मुलानंच विचारलं, रुंदी किती धरायची?

नकाशाची भाषा अवघड नाही. दोन तुटक रेघा म्हणजे गाडीमार्ग, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकच तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. हे रस्ते पोटखराब्यात धरलेले असतात, त्यामुळे सातबाऱ्यावर नाव न दिसता ते अस्तित्वात असतात. नकाशात मुळीच नसलेला शेतरस्ताही कायद्यानं मिळू शकतो. नवा रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली, वापरातला रस्ता अडवला असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा. दोन्ही अर्जांत फरक आहे आणि चुकीच्या कलमाखाली अर्ज केल्यानं वर्ष वाया गेलेले शेतकरी मी पाहिलेत. २०२१ च्या मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून पाणंद रस्ते पक्के करायला पैसे मिळू लागले. २०२५ च्या शासन निर्णयानं तर शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात घ्यायला सांगितलं आहे. तहसीलदारांचा आदेश मिळाला की ती नोंद करून घेतल्याशिवाय घरी परतू नका.

"गायरान पंचायतीचं, सरपंचानं दिलं की झालं"

गायरान शासनाचं असतं, ग्रामपंचायत फक्त सांभाळ करते. सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ ला पंजाबमधल्या जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितलं आणि त्यापाठोपाठ १२ जुलै २०११ ला महाराष्ट्र शासनानं गायरान वाटपावर बंधन घातलं. त्यामुळे सरपंचाच्या सहीचा कागद गायरानावर मालकी देत नाही.

पण याच निकालाचा आधार घेऊन "गायरान कसणारे सगळे घुसखोर" असं जे बोललं जातं, ते मला अन्यायाचं वाटतं. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी पडीक जमिनीसाठी सत्याग्रह केले, मराठवाड्यातल्या दलित कुटुंबांनी त्यासाठी तुरुंग भोगले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पूर्वीची अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांची शेतीची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही शासन निर्णयानुसार भूमिहीनांना दिलेली जमीन अपवाद म्हणून नोंदवली आहे. ज्यांचे १९९० पूर्वीचे पुरावे आहेत त्यांचे अर्ज तीन-तीन दशकं पडून राहावेत, हे गावाच्या नियोजनातलं सर्वांत मोठं भगदाड आहे. आता सौर कृषी वाहिनीसाठीही गायरान मागितलं जातं. दिवसा वीज मिळणं चांगलंच. पण कुठला तुकडा द्यायचा, जनावरांच्या पाण्याची वाट कुठून ठेवायची आणि कसणाऱ्याचं काय, हे ग्रामसभेत नकाशा समोर ठेवून आधी बोललं पाहिजे.

"ग्रामसभेनं ठराव घेतला, आता महामार्ग येत नाही"

जालना-नांदेड द्रुतगती महामार्ग आणि शक्तिपीठ महामार्ग या दोन्हींच्या आखणीनं आपल्या जिल्ह्याला स्पर्श केला आहे, म्हणून हे नीट समजून घ्या. परभणी अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे ग्रामसभेच्या नकारानं भूसंपादन आपोआप थांबत नाही. शिवाय २०१३ च्या भूसंपादन कायद्यात राज्यानं २०१८ मध्ये कलम १०५-अ घातलं आणि महाराष्ट्र महामार्ग कायद्याखालचं संपादन २०१३ च्या कायद्याच्या प्रक्रियेतून वगळलं. मोबदला मात्र २०१३ च्या हिशेबानंच द्यावा लागतो.

ठराव घ्यायलाच हवा, तो गावाचा आवाज आहे. पण शेतकऱ्याला वाचवते ती मुदतीत दिलेली वैयक्तिक लेखी हरकत आणि संयुक्त मोजणीच्या दिवशी स्वतः रानात हजर राहणं. विहीर, बोअर, पाइपलाइन, फळझाडं, गोठा यांची नोंद मोजणीच्या कागदावर उतरली नाही तर त्यांचे पैसे हातून जातात. पाइपलाइन जमिनीखाली असते, मोजणीदाराला ती दिसत नाही, आपणच दाखवायची. रस्ता झाल्यावर दोन तुकडे पडलेल्या रानात जायचं कुठून, हेही त्याच दिवशी लिहून घ्यायचं.

"आराखडा तर केलाय की पंचायतीनं"

२०१५ पासून 'आमचं गाव, आमचा विकास' म्हणून दरवर्षी गावाचा आराखडा होतो, हे खरं. त्यात सिमेंट रस्ता, नाली, अंगणवाडीची दुरुस्ती, दिवे येतात. वित्त आयोगाचा पैसा कुठे खर्चायचा याची ती यादी असते, जमीन कशासाठी राखायची याचा त्यात पत्ता नसतो. पण तो असू नये असं कुणी सांगितलेलं नाही. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींना सोपवण्याचे २९ विषय आहेत, त्यातला पहिला शेती आणि दुसरा जमीन सुधारणा व मृद्संधारण. हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळी लावायची नाही, दरवर्षी पाण्याचा हिशेब मांडून मगच पीक ठरवायचं असे नियम ग्रामसभेतच केले. आपल्या जिल्ह्यातही नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातल्या गावांत शिवारफेऱ्या झाल्या, पाण्याचे ताळेबंद मांडले गेले. ते कागद पंचायतीच्या कपाटात असतील. काढा, त्यात कोणता नाला कुठून वाहतो आणि कुठली जमीन हलकी हे आधीच लिहिलेलं सापडेल.

गाव नकाशाची प्रत भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभांच्या नेहमीच्या तारखा. नकाशा घेऊन शिवारफेरी करायला त्यातली १ मे सगळ्यांत चांगली. तेव्हा रानं मोकळी असतात, धुरे उघडे पडलेले असतात, नाल्याचा तळ कोरडा असतो आणि बुजलेल्या पाणंदीची जुनी चाकोरी उभ्या तुरीखाली झाकलेली नसते. सकाळी सहाला निघालं तर ऊन चढायच्या आत अर्धं शिवार पायाखालून जातं.