‘मूकनायक’च्या ओळीवर जपानी काना

योकोहामा बंदराजवळ, निहोन-ओदोरी मार्गावर, जपानचे वृत्तपत्र संग्रहालय आहे. त्याचे या शहरात असणे स्वाभाविकच. कारण जपानमधील पहिले दैनिक ‘योकोहामा माइनिची शिम्बुन’ येथेच २८ जानेवारी १८७१ रोजी निघाले. मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यानंतरची एक घटना अधिक मोलाची आहे. १८७४ मध्ये तोक्योत सुरू झालेल्या ‘योमिउरी’ने कांजी अक्षरांच्या कडेला बारीक काना अक्षरांत त्यांचे उच्चार छापले. (हा काना म्हणजे जपानी अक्षरचिन्हे; आपल्या कानामात्रेतला काना निराळा.) या बारीक अक्षरांना छापखान्यात ‘रुबी’ म्हणतात. इंग्लंडमध्ये साडेपाच पॉइंटच्या खिळ्यांना हे नाव होते, तेथून ते आले. हजारो कांजी शिकण्याची सवड ज्यांना कधी मिळाली नाही, त्यांच्या हाती रुबीमुळे वृत्तपत्र आले.

आपल्या घरांतील मुले मराठी बोलतात, काना सफाईने वाचतात. देवनागरीपाशी मात्र थबकतात. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेल्या ‘मूकनायक’चे अंक महाराष्ट्र शासनाने पुनर्मुद्रित केले आहेत. ते कपाटात असतात, जयंतीला बाहेर निघतात, आणि मुलांना ते चित्रासारखे दिसतात. ज्यांना अक्षर नाकारले गेले त्यांची निरक्षरता आणि ही सोयीची निरक्षरता एक नव्हे, हे खरे. परंतु पान मुके राहते ते दोन्हींतही.

म्हणून प्रस्तुत लेखकाने ‘मूकनायक’च्या काही पानांची संगणकाच्या पडद्यासाठी नवी अक्षररचना करून पाहिली. प्रत्येक मराठी शब्दावर काना रुबी. शब्दाला बोट लावले की रुबी नाहीशी होते, पुन्हा लावले की परतते. मुलाने एखादा शब्द आधाराविना वाचला, की त्यापुढे तो शब्द उघडाच दिसावा, अशी योजना आहे. म्हणजे जसजसे वाचन वाढेल तसतसे पान मोकळे होत जाईल.

सांगायला हे सोपे आहे. जपानी अक्षर एका अदृश्य चौकोनात उभे असते. आपले अक्षर शिरोरेषेला लोंबते आणि वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार घेऊन येते. रुबी वर ठेवली तर ती रफाराला भिडते, खाली ठेवली तर उकाराला. अखेरीस ती वरच ठेवून ओळींमधील अंतर जवळजवळ दुप्पट केले. पान विरळ दिसते, पण वाचता येते.

त्याहून कठीण प्रश्न उच्चाराचा. ‘न’ सोडला तर कानामध्ये स्वराविना व्यंजन लिहिता येत नाही. त्यामुळे ‘मूकनायक’चा ‘मूकुनायाकु’ होतो. यावरचा उपाय ऐनू लोकांकडे मिळाला. जपानच्या उत्तरेकडील या मूळनिवासी समाजाची भाषा कानामध्ये लिहिताना स्वरहीन व्यंजनासाठी आकाराने लहान काना वापरतात, आणि ती चिन्हे २००२ पासून युनिकोडमध्ये आहेत. दडपल्या गेलेल्या एका भाषेने स्वतःसाठी घडविलेली सोय दुसऱ्या समाजाच्या मुलांच्या उपयोगी पडावी, हे या सगळ्या खटाटोपातील मला सर्वांत आवडलेले.

काही ठिकाणी तर काना आपल्या लिपीपेक्षा सरस ठरतो. ‘चार’मधला च आणि ‘चांगला’मधला च आपण एकाच अक्षराने लिहितो, रुबीत ते ‘च्या’ आणि ‘त्सा’ असे वेगळे दिसतात. येथे जन्मलेल्या मुलांची नेमकी याच ठिकाणी अडखळ होते.

प्रकल्पातील दुसरा भाग वर्णमालेचा तक्ता. येथील मुले शाळेत आ-इ-उ-ए-ओ, मग का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा असा क्रम घोकतात. हा क्रम भारतीय वर्णमालेचाच आहे. बौद्ध भिक्खूंनी सिद्धम् लिपीच्या अध्ययनातून तो जपानी अक्षरांना लावला. कूकाई (७७४–८३५) यांनी चीनहून आणलेल्या शिंगोन परंपरेत ती लिपी आजही जिवंत आहे. ज्या कोयासान विद्यापीठात २०१५ मध्ये बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले ते याच परंपरेचे, आणि योकोहामातील सर्वांत जुने मंदिर गुम्योजी हेही तिचेच. तक्त्यावर ‘का’ दाबले की ‘क’ उजळतो. ‘हा’ दाबले की मात्र ‘प’ उजळतो, आणि मुलांना ती चूक वाटते. प्राचीन जपानीत त्या ओळीचा उच्चार प होता. म्हणून ती न आणि म यांच्या मध्ये बसली आहे. ‘सा’ची ओळ च-वर्गाच्या जागी आहे, तेही जुन्या उच्चारामुळेच.

तक्त्यात न बसलेले अक्षर एकच महत्त्वाचे: ळ. कानामध्ये र आणि ल यांनाच मिळून एक ओळ, तेथे ळला जागा कोठून असणार? त्यावर रुबी ठेवलेली नाही. ‘चळवळ’मधल्या ळवर बोट ठेवले की फक्त आवाज ऐकू येतो, आणि ते अक्षर मुलांना आजीकडूनच घोटून घ्यावे लागते.