बिघाडाची पूर्वचिकित्सा : लेखांक ५ – नोंद आणि तिचा अंमल

गेल्या लेखांकात आपण बिघाड-विश्लेषणाच्या कोष्टकाची मांडणी पाहिली. यंत्राचा एकेक भाग घ्यावा, त्याचे नेमून दिलेले कार्य लिहावे, ते कार्य कोणकोणत्या रीतींनी विफल होऊ शकेल याचा विचार करावा, आणि प्रत्येक रीतीपुढे तिचे कारण, तिचा निकटचा व अखेरचा परिणाम आणि तिच्या गांभीर्याची श्रेणी नोंदवावी, असा हा शिरस्ता अमेरिकन सैन्याने १९४९ साली लेखी स्वरूपात घालून दिला. आता प्रश्न असा की, धोका अचूक ओळखला गेला आणि दफ्तरी यथास्थित दाखलही झाला, म्हणजे या विद्येचे कार्य संपले काय? ‘चॅलेंजर’ या अंतराळयानाच्या नाशाची हकीकत या प्रश्नाचा निर्णय करण्यास पुरेशी आहे.

या यानाला वर रेटणारे घन-इंधनाचे दोन अग्निबाण अखंड नसून, कारखान्यातून खंडशः आणून प्रक्षेपणस्थळी जोडलेले असत. एका खंडाची पोलादी जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसे, आणि सांध्यातून तप्त वायू निसटू नये म्हणून तेथे सुमारे ७ मिलिमीटर जाडीची, संपूर्ण परिघाला वेढणारी रबरी कडी व तिच्या पाठीशी तशीच दुसरी कडी घातलेली असे. इंधन पेटताच आतील दाबाने पोलादी भिंत फुगे, सांधा किंचित वळे आणि फट रुंदावू लागे. ती रुंदावत असतानाच, क्षणाच्या अल्पांशात, रबराने पूर्वाकार धारण करून ती बुजवावयाची. थंडीने रबर ताठरले की नेमकी हीच तत्परता मंदावते.

प्रारंभी या सांध्याची श्रेणी ‘१-आर’ होती. म्हणजे तो निकामी झाल्यास यान व यात्री दोन्ही गमावतील, परंतु पहिली कडी हुकल्यास दुसरी आधाराला आहे, असा तिचा आशय. पुढे सांधा वळल्यावर दुसऱ्या कडीचाही भरवसा धरता येत नाही असे दिसून आले. सबब डिसेंबर १९८२ मध्ये ‘आर’ हे अक्षर गळून श्रेणी केवळ ‘१’ झाली. येथवर विश्लेषणाने आपले काम चोख बजावले होते. परंतु मार्च १९८३ मध्ये या सांध्यापुरती नियमातून सूट मंजूर झाली आणि उड्डाणे चालू राहिली. अनेक उड्डाणांनंतर परत मिळालेल्या कड्या होरपळलेल्या आढळल्या, तरी यान सुखरूप परतले हाच सांध्याच्या विश्वासार्हतेचा दाखला मानला गेला.

२७ जानेवारी १९८६ च्या रात्री, कड्यांचे तापमान सुमारे १२ अंश सेल्सियसपेक्षा कमी असल्यास उड्डाण करू नये, अशी हरकत अग्निबाण बनविणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी घेतली. त्यांच्याच वरिष्ठांनी ती बाजूस सारली. दुसऱ्या दिवशी सुमारे २ अंश तापमानात यान उडाले आणि ७३ सेकंदांत सातही यात्रींसह नष्ट झाले.

यावरून माझे आग्रहाचे प्रतिपादन असे की, गांभीर्याची श्रेणी लिहून कोष्टकाची ओळ पुरी होत नाही. दोष कोणी दूर करावयाचा, कोणत्या मुदतीत करावयाचा, आणि तोवर कोणत्या परिस्थितीत यंत्र चालविणे सर्वस्वी वर्ज्य, या तीन गोष्टी त्याच ओळीत बंधनकारक शब्दांत लिहिल्या पाहिजेत. त्या सांध्याच्या ओळीत तापमानाची किमान मर्यादा अटीच्या रूपाने असती, तर त्या रात्रीच्या अभियंत्यांना वरिष्ठांचे मन वळवीत बसावे लागले नसते. नियमानेच उड्डाण थांबले असते. सूट देणाऱ्या कागदाने पोलाद वळावयाचे थांबत नाही की रबर लवचिक होत नाही. तो केवळ मनुष्याच्या मार्गातील अडसर काढून घेतो. पुढे सांध्याला वळण्यापासून रोखणारा पोलादी ओठ, तिसरी कडी आणि तापकांची तजवीज करून सप्टेंबर १९८८ मध्ये उड्डाणे पुन्हा सुरू झाली. म्हणजे उपाय मनुष्याच्या आवाक्यातलाच होता.

गांभीर्य, संभव आणि दोष निसटण्याची शक्यता यांना १ ते १० गुण देऊन त्यांचा गुणाकार करण्याची जी पद्धत कारखान्यांत रूढ झाली, तिच्यात १०×२×२ अशा प्राणघातक दोषाला ४० आणि ५×५×४ अशा मध्यम दोषाला १०० गुण कसे मिळतात, आणि त्यामुळे कोणता अनर्थ ओढवतो, याचा विचार पुढील लेखांकात करू.